रंगकामाचा धंदा : डब्यातला रंग आणि घरातला माणूस

पावसाळा सरला की रंगाच्या दुकानांत गर्दी सुरू होते. भिंतींची ओल सुकते, पोपडे सुटू लागतात. कोणाकडे लग्न ठरलेले असते, कोणाला दिवाळीपूर्वी तर कोणाला ईदपूर्वी घर उजळून घ्यायचे असते. गिऱ्हाईक दुकानात येते, शेडकार्ड चाळते आणि 'हा बरा दिसतो' म्हणून एका चौकोनावर बोट ठेवते. मिस्त्रीही एकच प्रश्न विचारतो, "डिस्टेंपर मारायचे की प्लॅस्टिक?" भाव ठरतो, ॲडव्हान्स मिळतो आणि काम सुरू होते. हा रंग कोणत्या भिंतीवर जाणार, त्या खोलीत उजेड कुठून येतो, घरात म्हातारे कोण, लहान कोण, कोणाची नजर अधू आहे का, हे कोणीच विचारत नाही.

हे प्रश्न आता विचारले जाऊ लागले आहेत. मोठे आर्किटेक्ट विचारतात, इस्पितळांचे विश्वस्त विचारतात, सरकारी इमारतींच्या निविदांमध्ये ते लिहिलेले असतात. आपल्या समाजातील हजारो हात रंगकामात, पॉलिशमध्ये आणि हार्डवेअरच्या दुकानांत गुंतलेले आहेत. हात चांगले आहेत, पण ज्याच्याकडे फक्त हात असतो त्याला फुटाच्या भावाने मजुरी मिळते. ज्याच्याकडे उत्तर असते त्याला काम मिळते. म्हणून या धंद्यातल्या मंडळींसाठी रंगाविषयीची थोडी माहिती येथे देत आहोत. घरमालकांनीही ती वाचावी. पैसा त्यांचाच जातो.

भिंत किती उजेड परत देते?

प्रत्येक रंग अंगावर पडलेल्या उजेडापैकी काही गिळतो आणि काही परत देतो. याला शून्य ते शंभर असा अंक देतात. पूर्ण काळ्याचा अंक शून्य आणि पूर्ण पांढऱ्याचा शंभर. बाजारातले रंग या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. काही कंपन्या शेडच्या माहितीत हा अंक छापतात. आपल्याकडे मात्र तो वाचणारा विरळाच. शेडचे नाव सगळ्यांना पाठ असते, अंक कोणालाच नसतो.

हा अंक कामाचा का आहे, ते साध्या हिशेबाने पाहू. दिव्याचा उजेड भिंतीवर आपटून परत येतो, समोरच्या भिंतीवर आपटतो, पुन्हा परत येतो. समजा, १०० भाग उजेड भिंतींवर पडला. भिंती, छत आणि जमीन मिळून सरासरी ३० टक्के उजेड परत देत असतील, तर पहिल्या खेपेला ३०, दुसऱ्या खेपेला ९, मग २.७ असे करत खोलीला सुमारे ४३ भाग जादा उजेड मिळतो. हीच सरासरी ५० टक्के असेल तर ५०, २५, साडेबारा असे करत पूर्ण १०० भाग मिळतात. ३० चे ५० केले तर परतीचा उजेड दुपटीहून जास्त झाला. खिडक्या आणि सामान सोडून केलेला हा ढोबळ हिशेब आहे. प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडेल, पण दिशा हीच राहील. प्रकाशयोजना करणारे इंजिनिअर छताला ७०, भिंतींना ५० आणि जमिनीला २० हे आकडे धरून दिव्यांची संख्या काढतात. भिंतीला गडद चॉकलेटी रंग मारला तर त्या इंजिनिअरचा हिशेब पहिल्याच दिवशी कोलमडतो आणि गिऱ्हाईक म्हणते, दिवे कमी पडले.

येथे एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे. एलईडी दिवे आल्यापासून दिव्यांची वीज मुळातच कमी झाली आहे, त्यामुळे फिका रंग मारून बिल अर्ध्यावर येईल अशी बढाई मिस्त्रीने मारू नये. फायदा आहे तो दिवसाच्या उजेडाचा. मुंबईत, भिवंडीत, मालेगावात अशा कितीतरी खोल्या आहेत जिथे भर दुपारी बारा वाजताही दिवा लावावा लागतो. मुलगा दहावीचा अभ्यास करतो तो दिव्याखाली, बाई शिवणाच्या मशिनवर बसते तीही दिव्याखाली. अशा खोलीत छत स्वच्छ पांढरे ठेवले आणि खिडकीच्या समोरची व बाजूची भिंत फिकी केली, तर दिवा लावण्याची वेळ तासा-दोन तासांनी पुढे जाऊ शकते. खिडकीच्या बाजूच्या कडांना, म्हणजे ज्या खाचेत खिडकी बसते तिच्या आतल्या अंगाला, पांढरा रंग दिला की आत शिरणारा उजेड वाढतो. हे काम एका छोट्या डब्याचे आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दाट वस्तीत दोन इमारतींमध्ये आठ-दहा फुटांचे अंतर असते. खालच्या मजल्यावरच्या खोलीला आकाश दिसतच नाही, तिला दिसते ती समोरच्या इमारतीची भिंत. त्या भिंतीचा रंग हाच या खोलीचा दिवा. समोरच्या सोसायटीने बाहेरून गडद राखी रंग मारला की इकडच्या चार मजल्यांना अंधार होतो. बाहेरच्या रंगाचे कंत्राट घेताना मागची आणि बाजूची अंगे फिकी ठेवण्याचा सल्ला मिस्त्रीने द्यावा. त्यात त्याचे काही जात नाही.

पांढऱ्याचीही किंमत आहे

आता कोणी म्हणेल, मग सगळेच पांढरे करून टाका. थांबा. आजच्या पांढऱ्या रंगाचा पांढरेपणा येतो टायटॅनियम डायऑक्साइड या भुकटीतून. ती इल्मेनाइट नावाच्या काळ्या वाळूपासून बनते. ही वाळू केरळात चवरा येथे किनाऱ्यावर मिळते, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही तिचे साठे आहेत. काळ्या वाळूतून शुभ्र भुकटी काढायला तीव्र आम्ले किंवा क्लोरीन लागतो, भरपूर उष्णता लागते आणि मागे घाणही पुष्कळ उरते. पर्यावरणाच्या दृष्टीने रंगाच्या डब्यातला सर्वांत महाग घटक बहुधा हाच असतो. म्हणून जो तीन वर्षांत खरवडून काढावा लागत नाही तो रंग खरा किफायतशीर. आठ वर्षे टिकणारा मध्यम रंग हा तीन वर्षांत उडणाऱ्या 'हिरव्या' रंगापेक्षा जास्त हिरवा आहे, मग डब्यावर कितीही पाने-फुले छापलेली असोत.

टिकाऊपणाचे पहिले गणित ओलीचे. जुन्या विटांच्या किंवा दगडाच्या भिंतीत ओल असतेच, ती आत येते आणि बाहेर जाते. तिच्यावर सिमेंटची पुट्टी आणि वर प्लॅस्टिकचे दोन हात मारले की ओलीचा रस्ता बंद होतो. ती आतून ढकलते आणि वर्षभरात पोपडे सुटतात. गिऱ्हाईक मिस्त्रीला दोष देते, मिस्त्री कंपनीला. दोष दोघांचाही नसतो, त्या भिंतीला तो रंगच चालत नव्हता.

अशा भिंतीसाठी आपल्याकडे पूर्वापार चालत आलेला उपाय म्हणजे चुना. त्याला आता गरिबाचा रंग म्हणतात, पण युरोपात जुन्या इमारती सांभाळणारे लोक तोच चुना मोठ्या मानाने वापरतात. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश उष्णतेला भाजली की कळीचा चुना मिळतो. भाजताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो हे खरे, पण भिंतीवर सुकताना चुना हवेतला हाच वायू परत शोषतो आणि पुन्हा दगड बनतो. त्याचा पापुद्रा भिंतीला श्वास घेऊ देतो. तो खारट-जळजळीत असल्याने ताज्या चुन्यावर बुरशी धरत नाही. दोष त्याचेही आहेत. हात लावला की तो कपड्याला लागतो. ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिक मारलेल्या भिंतीवर तो धरत नाही. आणि कळी पाण्यात टाकली की ती उकळते. डोळ्यांत थेंब गेला तर डोळा जाऊ शकतो. कळी भिजवताना चष्मा लावा, पोरांना लांब ठेवा आणि पाण्यात कळी टाका, कळीवर पाणी ओतू नका. डिंक किंवा सरस घालून, पातळ हात तीन द्या, जाड एक देऊ नका.

चुन्यात रंग हवा असेल तर गेरू, पिवडी आणि काजळी ही जुनी मंडळी आजही उत्तम. गेरू आणि पिवडी म्हणजे लोखंडाच्या गंजाचीच रूपे. ती उन्हाला आणि चुन्याला घाबरत नाहीत. पांढऱ्या चुन्यात चिमूटभर नीळ घालण्याची रीत तर सगळ्यांना माहीत आहे. त्याने पिवळट झाक मारली जाते. मात्र निळी भुकटी घेताना सावध राहा. कपड्यांची नीळ, म्हणजे अल्ट्रामरीन, चुन्यात टिकते, पण प्रशियन ब्लू नावाची निळी भुकटी चुन्यात बिघडते आणि भिंत तपकिरी पडते. चुना आणि लाल माती यांच्या जोरावर कोकणात आणि गोव्यात कावी नावाची कला उभी राहिली. चुन्याच्या गिलाव्यावर लाल थर देऊन तो कोरून काढायचा आणि खालचा पांढरा दाखवायचा, अशी ती पद्धत. त्या भिंतींवरचा लाल आजही लालच आहे.

डोक्यावरचा पांढरा

आत पांढरे किती करावे याविषयी मतभेद होतील, छताच्या वर मात्र होऊ नयेत. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची मोठी लाट आली. नंतर झालेल्या अभ्यासात त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाल्याचे दिसून आले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेविरुद्ध कृती आराखडा केला आणि २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याची मोहीम घेतली. तेलंगण सरकारने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. सूत्र साधे आहे. काळे, गंजके किंवा शेवाळलेले छप्पर ऊन गिळते आणि रात्रभर खालच्या माणसांना परत देते. पांढरे छप्पर ते आल्या वाटेने परत पाठवते.

मुंबई-गुजरातच्या जुन्या गच्च्यांवर फुटक्या पांढऱ्या फरशांचे तुकडे बसवलेले असत. लोक त्याला चायना मोझॅक म्हणतात. ते गळतीसाठीही होते आणि उन्हासाठीही. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी चुन्यात सरस मिसळून दोन-तीन हात द्यावेत. पावसाने तो धुपतो, पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा द्यावा लागतो. खास छपरासाठीचे रंग जास्त टिकतात, पण धूळ बसली की त्यांचाही गुण उतरतो. वर्षातून एकदा झाडू-पाणी मारलेच पाहिजे. शेजारी उंच इमारत असेल तर चमकदार रंग देऊ नका, मंद पांढरा द्या, नाहीतर त्यांच्या डोळ्यांवर तिरीप येईल आणि भांडण होईल. रंगाऱ्याच्या दृष्टीने हे फेब्रुवारी-मार्चचे हुकमी काम आहे, आणि दरवर्षी तेच गिऱ्हाईक परत येते. अजून फार थोड्यांनी ते हाती घेतले आहे.

शिसे : बापाच्या कपड्यांवरून पोराच्या पोटात

या लेखातला हा भाग रंगकामगारांनी तरी सोडू नये.

ऑइलपेंटमधला भडक पिवळा, नारिंगी, लाल आणि काही हिरवे हे अनेक वर्षे शिशाच्या संयुगांपासून बनत. क्रोम यलो म्हणजे शिशाचेच संयुग, शेंदूर म्हणजेही शिसेच. शिसे रंगाला झळाळी देते, लवकर सुकवते आणि स्वस्त पडते. पण ते पोटात गेले की रक्तात उतरते, हाडांत साठते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर आघात करते. रक्तातील शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या माणसापेक्षा लहान मूल ते जास्त शोषून घेते. हे कालपरवा कळलेले नाही. घरांच्या आतल्या कामात पांढऱ्या शिशाला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९२१ सालचा आहे. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आणली. आपल्याकडे २०१६ मध्ये नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे ठेवण्यास मनाई झाली.

म्हणून नवा डबा घेताना 'शिसेविरहित' किंवा ९० भागांच्या मर्यादेची ओळ डब्यावर वाचा. डब्याला लेबलच नसेल तर तो स्वस्त कितीही असो, घेऊ नका. हा नियम घरगुती रंगांचा आहे. यंत्रांना, टाक्यांना, रस्त्यांवरच्या पट्ट्यांना लावायचे औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. कारखान्यातून उरलेला पिवळाधमक डबा कोणी फुकट दिला म्हणून तो बाळाच्या पाळण्याला मारणे हा शहाणपणा नव्हे. रेड ऑक्साइड आणि रेड लेड यांतही घोटाळा होतो. पहिला लोखंडाचा, दुसरा शिशाचा. नाव दोनदा वाचा.

पण खरा धोका नव्या डब्यात नाही, जुन्या दरवाजात आहे. २०१७ पूर्वीचे ग्रिल, खिडक्या, कपाटे आणि जिन्याचे कठडे यांच्यावर ऑइलपेंटचे पाच-सहा थर असतात. मिस्त्री घासकागद घेऊन ते कोरडे घासतो. धूळ उडते, त्याच्या नाकात जाते, डोक्यावर आणि शर्टावर बसते. संध्याकाळी तो त्याच कपड्यांत घरी जातो, पोर धावत येऊन गळ्यात पडते. बापाने कमावून आणलेले पैसे आणि बापाच्या अंगावरची धूळ, दोन्ही एकाच वेळी घरात येतात. उपाय महाग नाहीत. पाण्याचा घासकागद वापरा, घासण्यापूर्वी जागा ओली करा. जुना रंग ज्योतीने जाळून काढू नका, त्या धुरात शिसे असते. खाली जुने प्लॅस्टिक अंथरा आणि काम झाल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. भाकरी खाण्यापूर्वी हात-तोंड साबणाने धुवा. कामाचे कपडे कामावरच बदला आणि घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नका. काम चालू असेपर्यंत त्या घरातली मुले आणि गरोदर बाई दुसरीकडे राहतील असे मालकाला आधीच सांगा.

टर्पेंटाइन आणि थिनरच्या वासाने डोके धरते, तो वेगळा त्रास. शक्य तिथे पाण्यातले रंग वापरले तर तो बराच कमी होतो. 'वास नाही' म्हणजे 'वायू नाही' असे मात्र समजू नये. खिडक्या दोन दिवस उघड्या ठेवाव्यात.

सगळे पांढरे, तर पायरी कुठे?

आता थोडे उलट बोलायचे आहे. वर आपण फिक्या रंगाची बाजू घेतली. पण सगळीकडे एकच फिका रंग असलेली इमारत अधू नजरेच्या माणसाला सापळा ठरते. एका सभागृहात आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे. फरशी पांढरी संगमरवरी, पायऱ्या त्याच दगडाच्या, भिंतही पांढरी आणि वर झगझगीत दिवे. पंच्याहत्तरीचे एक गृहस्थ शेवटची पायरी संपली असे समजून पुढे चालले आणि पडले. खुब्याचे हाड मोडले. फरशी बसवणाऱ्यांनी पैसे कमी खर्च केले नव्हते, उलट जास्तच केले होते.

वय वाढते तसे डोळ्याचे भिंग पिवळट होते आणि बाहुली लहान होते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या मुलाच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश उजेड पोहोचतो, असे तज्ज्ञ मानतात. निळा आणि हिरवा वेगळे ओळखणे कठीण होत जाते. मोतीबिंदू असेल तर चमकणारी फरशी म्हणजे पाण्याचे तळे. अशा माणसाला रंग नव्हे, फरक दिसतो. एक गडद आणि शेजारचे फिके, एवढे त्याला पुरते. ब्रिटनच्या मानकांत शेजारशेजारच्या दोन पृष्ठभागांच्या उजेडाच्या अंकांत, म्हणजे वर सांगितलेल्या शून्य-ते-शंभरच्या अंकांत, ३० चा फरक असावा असे सांगितले आहे. भिंत ७० ची असेल तर दरवाजा ४० चा किंवा त्याहून खालचा. दरवाजा २० चा असेल तर मूठ ५० ची. येथे दोन्ही मागण्या जुळतात. मोठी पृष्ठे, म्हणजे छत आणि भिंती, फिकी ठेवा म्हणजे उजेड मिळेल. छोट्या आणि कामाच्या जागा गडद ठेवा म्हणजे त्या दिसतील. पायरीची कड, दरवाजाची चौकट, कठडा, स्विचबोर्ड, संडासची बैठक आणि त्यामागची भिंत. पायरीच्या कडेला पूर्ण रुंदीभर सुमारे दोन इंचाची पट्टी पुरते, आणि ती प्रत्येक पायरीला हवी, फक्त पहिल्या-शेवटच्या पायरीला नव्हे. जमिनीवर मात्र उगाच काळे पट्टे किंवा बुद्धिबळाचा पट काढू नका. विस्मरणाचा आजार झालेल्या माणसाला काळी चटई खड्डा वाटते आणि तो तिच्यावर पाय ठेवायला तयार होत नाही.

दोन रंग वेगळे असले म्हणजे फरक झाला, हा मिस्त्रींचा नेहमीचा गैरसमज. तांबडा आणि हिरवा हे आपल्याला किती वेगळे दिसतात! पण दोघांचा अंक सारखा असेल तर अधू नजरेला ते एकच. शिवाय तांबडा-हिरवा भेद जन्मतःच न कळणारी माणसे असतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, भारतात त्याहून कमी आढळते, आणि स्त्रियांत सर्वत्रच फार कमी. 'चालू'ला हिरवा दिवा आणि 'बंद'ला तांबडा, पुरुषांच्या दरवाजाला हिरवा आणि बायकांच्या दरवाजाला लाल, अशा खुणा या मंडळींना काहीच सांगत नाहीत. खुणेला आकार किंवा अक्षरही द्या. रेल्वे स्टेशनांवर जमिनीत उंचवट्यांच्या पिवळ्या फरशा बसवलेल्या आपण पाहतो. त्यांची कल्पना जपानच्या सेइइची मियाके यांची. १९६७ मध्ये त्या ओकायामा शहरात अंधशाळेजवळ प्रथम बसवल्या गेल्या. उंचवटे पूर्ण अंधांसाठी आणि पिवळा रंग थोडे दिसणाऱ्यांसाठी. आपल्याकडे काही ठिकाणी 'शोभत नाही' म्हणून त्याच फरशा राखी जमिनीत राखी रंगाच्या बसवतात. मग अर्धा उपयोग तिथेच संपला.

अंक मोजायचे यंत्र नसेल तर मोबाइल आहे. दोन्ही शेडचे तुकडे शेजारी धरून फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. दोन्ही एकच राखी दिसले तर जोडी बाद. यंत्राइतकी अचूकता नाही, पण चूक टळते.

याची सक्तीही आता कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीच्या आराखड्याला परवानगी देऊ नये असे तो म्हणतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने सुगम्यतेची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतूडी यांच्या प्रकरणात निकाल देताना सांगितले की नुसती शिफारस पुरेशी नाही, सरकारने बंधनकारक नियम करावेत. शाळा, दवाखाना, शादीखाना, मशिदीचा वुजूखाना, बँकेची शाखा, अशा लोकांच्या वापरातल्या जागांचे काम घेणाऱ्या कंत्राटदाराने ही कागदपत्रे चाळून ठेवावीत.

रंगाची जादू आणि रंगाची थाप

'निळा शांत करतो, लाल भूक वाढवतो, पिवळा बुद्धी देतो' असे सांगणारे विक्रेते पुष्कळ आहेत. सांभाळून. १९७९ मध्ये अमेरिकेत सिॲटल येथील नौदलाच्या तुरुंगात कोठडीला एक विशिष्ट गुलाबी रंग दिला आणि कैदी शांत झाले असे जाहीर झाले. जगभर तुरुंग गुलाबी होऊ लागले. पुढे काटेकोर प्रयोग झाले, त्यांत तो परिणाम दिसला नाही. रंग माणसाच्या मनावर काहीच करत नाही असे नव्हे, पण भुकटीच्या पुडीसारखा गुण तो देत नाही.

ज्यांनी विचार केला त्यांनी मनाऐवजी आधी डोळ्यांचा केला. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यचिकित्सक हॅरी शर्मन यांनी शस्त्रक्रियेच्या खोलीला हिरवा रंग दिला. कारण साधे होते, पांढऱ्या झगमगाटात रक्ताळलेल्या जखमेकडून नजर वळवली की डोळे दिपत. फिनलंडमधील पाइमियो येथे क्षयरोग्यांचे इस्पितळ १९३३ मध्ये पुरे झाले. वास्तुशिल्पी आल्वार आल्तो यांनी खोलीचे छत शांत हिरवे केले आणि दिवा रुग्णाच्या नजरेआड बसवला. आपण छत पांढरे ठेवायला सांगितले आणि त्यांनी हिरवे केले, मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. बसून शिवणकाम करणाऱ्या बाईचे डोळे समोर असतात, आडव्या पडलेल्या क्षयरोग्याचे वर. त्याला महिनोन्‌महिने तेच छत बघायचे होते. जिन्याची जमीन मात्र त्यांनी लख्ख पिवळी ठेवली.

धंद्याच्या चार गोष्टी

मुंबई हे या धंद्याचे जुने गाव. लोअर परळला १९२० मध्ये गाहागन पेंट्स सुरू झाली, तीच पुढे नेरोलॅक झाली. एशियन पेंट्स १९४२ मध्ये इथेच निघाली आणि तिचा हातात कुंचा धरलेला गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढला. कंपन्या मोठ्या झाल्या, दुकानात रंग मिसळणारी यंत्रे आली, हजारो छटा आल्या. भिंतीवर हात मारणारा मात्र बहुतेक ठिकाणी होता तिथेच राहिला.

त्याने काय करावे? पहिल्या भेटीत भावाआधी घर पाहावे. दुपारी जावे, दिवे बंद करायला सांगावे आणि उजेड कुठवर येतो ते पाहावे. घरात कोण राहते ते विचारावे. भिंतीवर दोन फूट चौकोनाचा नमुना मारून दिवसा आणि रात्री दाखवावा. शेडकार्डावरचा बोटभर चौकोन फसवतो, भिंतीवर तोच रंग जास्त गडद वाटतो. कोणत्या खोलीला कोणत्या कंपनीची कोणती शेड, किती लिटर, कोणती तारीख, हे वहीत लिहावे आणि एक प्रत मालकाला द्यावी. पाच वर्षांनी एक भिंत खराब झाली तर अख्खी खोली रंगवावी लागत नाही, आणि तो फोन त्यालाच येतो. मोजमाप नीट केले तर डबे उरत नाहीत. उरलेच तर फिके पाण्याचे रंग एकत्र गाळून पहिल्या हाताला किंवा मागच्या अंगणाच्या भिंतीला वापरता येतात. गटारात ओतू नयेत. गडद लाल-पिवळ्या रंगांना झाकणशक्ती कमी असते, तीन-चार हात लागतात, हे भाव सांगण्याआधी लक्षात घ्यावे. कित्येक कंत्राटदारांचा नफा त्या एका लाल भिंतीत जातो.

दहावी झालेल्या मुलांसाठी आयटीआयमध्ये पेंटर जनरल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आपली मुले फिटर-इलेक्ट्रिशियनसाठी रांग लावतात आणि याच्याकडे पाठ फिरवतात, कारण 'रंगारीच व्हायचे तर शिकायचे कशाला' असे घरीच सांगितले जाते. सुगम्यतेची पाहणी करणाऱ्या आर्किटेक्टला अंक समजणारा रंगारी हवा असतो, तो त्याला सहजासहजी मिळत नाही.

ते सभागृह पुन्हा पाहण्यात आले. पायऱ्यांच्या कडांना आता गडद तपकिरी पट्ट्या आहेत. अर्ध्या दिवसाचे काम होते. पट्ट्या ऑइलपेंटच्या असल्याने मधोमध, जिथे पाय पडतात तिथे, त्या झिजू लागल्या आहेत. तिथे खरबरीत दगडाची पट्टीच बसवायला हवी होती.